सिंगापूरच्या सामन्यासाठी घेतलेला लाकडी पट

येत्या २५ नोव्हेंबरला (हे नोव्हेंबर २०२४ मध्ये लिहितो आहे) दुपारी अडीच वाजता, म्हणजे सिंगापूरच्या घड्याळात संध्याकाळी पाच वाजता, चीनचा विश्वविजेता डिंग लिरेन आणि भारताचा आव्हानवीर डोम्माराजू गुकेश यांच्यातील बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्याचा पहिला डाव सुरू होईल. त्या सामन्यातील प्रत्येक चाल मोबाइलच्या काचेवर पाहत बसण्याऐवजी लाकडी पटावर स्वतःच्या हाताने मांडायची, एवढ्या एकाच हेतूने मी यंदाच्या दिवाळीत बुद्धिबळाचा नवा संच घेतला. घरच्यांना ही उधळपट्टी वाटली. हातातल्या फोनवर फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी ७,७०० रुपये मोजणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिले जाते, त्या नजरेने मला आठवडाभर पाहिले गेले, आणि त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. गेल्या दोन आठवड्यांत हा संच रोज वापरून झाल्यावर त्याविषयी जे मत बनले, ते इथे लिहितो आहे. संच पंजाबातून आला. अमृतसर हे लाकडी मोहऱ्यांचे मोठे केंद्र आहे आणि तिथल्या धाटणीचे मोहरे असंख्य विक्रेते वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे दुकानाच्या नावापेक्षा घडणीविषयी लिहिणे वाचणाऱ्याच्या अधिक उपयोगाचे होईल.

मोहरे ४,८०० रुपयांचे आणि पट २,९०० रुपयांचा, असा हिशेब आहे. मोहऱ्यांचा घाट स्टॉन्टन पद्धतीचा आहे. १८४९ मध्ये लंडनमध्ये नथॅनिएल कुक यांच्या नावाने नोंदवला गेलेला आणि हॉवर्ड स्टॉन्टन या त्या काळच्या अव्वल खेळाडूच्या नावाने बाजारात आलेला हा घाट आज जगभरच्या स्पर्धांमध्ये प्रमाण मानला जातो. माझ्या संचात पांढरे मोहरे बॉक्सवुड या फिकट लाकडाचे आहेत आणि काळे मोहरेही बॉक्सवुडचेच, पण काळा रंग चढवलेले आहेत. एबनी या अस्सल काळ्या लाकडाचा संच याच्या दुपटीहून महाग होता, आणि शिसवीचा स्वस्त होता. पण शिसवीचे तांबूस मोहरे शिसवीच्याच गडद घरांवर उभे केले की दिव्याच्या उजेडात ते घरात मिसळून जातात, हे मी एका मित्राकडे पाहिलेले होते. ज्याला तासन्‌तास एकाच स्थितीकडे पाहत बसायचे आहे, त्याने रंगाचा हा विरोध आधी तपासावा, लाकडाच्या प्रतिष्ठेचा विचार नंतर करावा.

खोका उघडल्यावर कोणताही जाणकार प्रथम घोडा उचलतो. राजा, वजीर, उंट, हत्ती आणि प्यादी ही चरकावर, म्हणजे लेथवर, उतरवता येतात. घोडा मात्र हाताने कोरावा लागतो, त्यामुळे संचाची किंमत आणि कारागिराची कुवत दोन्ही त्याच्या मानेवर लिहिलेली असते. माझ्या संचातील चारही घोड्यांची आयाळ खोल आणि स्वच्छ कोरलेली आहे, नाकपुड्या उघड्या आहेत आणि जबड्याखालची खाच बोटाला लागेल इतकी नेमकी आहे. एका पांढऱ्या घोड्याचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित आखूड आहे. हा दोष म्हणावा की हाताने केलेल्या कामाची खूण, हे ज्याने त्याने ठरवावे; मला तो घोडा इतर तिघांपेक्षा जवळचा वाटू लागला आहे, हे मात्र कबूल केले पाहिजे.

आठ वर्षांच्या भाचीने हत्ती हातात घेऊन, ‘मामा, ह्याची सोंड कुठे आहे?’ असा प्रश्न विचारला आणि परीक्षणाचे काम अर्धा तास थांबले. आपण ज्याला हत्ती म्हणतो तो या घाटात किल्ल्याचा बुरूज असतो, ज्याला उंट म्हणतो तो युरोपातल्या धर्मगुरूचा टोप असतो, आणि आपला वजीर तिकडे राणी असतो. नावे आपली राहिली आणि रूपे परकी आली, हे तिला समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. तिने शेवटी बुरुजावर हत्ती चढला असेल असा तोडगा काढला, आणि तो मला मान्य आहे.

आता मापांकडे वळतो, कारण ऑनलाइन खरेदीत फसगत होते ती इथेच. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या शिफारशीनुसार राजा सुमारे ९.५ सेंटिमीटर आणि प्यादे सुमारे ५ सेंटिमीटर उंच असावे, घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर असावी, आणि ही बाजू प्याद्याच्या तळाच्या व्यासाच्या दुप्पट असावी, म्हणजेच एका घरात चार प्यादी बसावीत. माझा राजा ९५ मिलिमीटरचा, म्हणजे अगदी मापाचा आहे. प्याद्याचा तळ मात्र २९ मिलिमीटरचा आहे आणि पटाचे घर ५५ मिलिमीटरचे, त्यामुळे चार प्याद्यांची परीक्षा माझा पट थोडक्यात नापास होतो. ही चूक विक्रेत्याची नाही. मोहरे आणि पट वेगवेगळे मागवताना मी निदान ५७ मिलिमीटरचा पट घ्यायला हवा होता (या परीक्षेत तोही मिलिमीटरभर कमी पडला असता), पण तो सातशे रुपयांनी महाग होता आणि दोन मिलिमीटरने काय फरक पडतो असे मला वाटले होते. पटाच्या कडेला काही फरक पडत नाही. पण डावाच्या मध्यात, मधल्या चार घरांभोवती आठ-नऊ मोहरे जमले की उंट उचलताना शेजारच्या घोड्याला बोट लागते आणि फरक चांगलाच कळतो.

मोहऱ्यांच्या पोटात वजन भरलेले आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर राजा ६४ ग्रॅम भरला. तळाला हिरवा फेल्ट आहे आणि खोका उघडल्यावर पहिले तीन दिवस त्याच्या डिंकाचा वास येत होता, तो आता गेला आहे. वजनाचा लाभ असा, की राजाला बोटाने बराच तिरका केला तरी तो डोलून पुन्हा उभा राहतो, आणि मोहरा घरात ठेवताना एक बसका, भरीव आवाज येतो, जो प्लॅस्टिकच्या मोहऱ्यांमधून कधीही निघत नाही. संचात दोन जादा वजीर आहेत, म्हणजे एकूण मोहरे ३४. प्यादे शेवटच्या पट्टीत पोहोचल्यावर उलटा हत्ती ठेवून त्याला वजीर म्हणण्याचे लहानपणीचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना या दोन मोहऱ्यांची किंमत कळेल.

मोहऱ्यांबाबत तक्रारीची जागा एकच, पण ती ठळक आहे. काळ्या हत्तींपैकी एकाला बुरुजाच्या कंगोऱ्यापासून मानेपर्यंत केसाएवढी चीर होती. फोटो पाठवला, दोन दिवस उत्तर आले नाही, मग दिलगिरीचा संदेश आला आणि आणखी सात दिवसांनी बदली हत्ती घरी पोहोचला. त्याबद्दल पैसे मागितले नाहीत की जुना हत्ती परत मागितला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मात्र आलेला हत्ती वेगळ्या घाण्यातला असावा, कारण त्याचा काळा रंग उजेडात तपकिरी दिसतो आणि तो भावापेक्षा मिलिमीटरभर उंच आहे. माझ्या संचात आता एक हत्ती कायमचा ओळखू येतो.

पटाविषयी दुसरी कुरकुर आहे. त्याच्या कडेला ए ते एच ही अक्षरे आणि १ ते ८ हे आकडे नाहीत. दिसायला असा पट अधिक देखणा असतो आणि घरी दोघांनी खेळायला तो पुरतो. पण ज्याला थेट प्रक्षेपणातली चाल ऐकून ती पटकन मांडायची आहे, त्याने अक्षरे असलेलाच पट घ्यावा. काळ्याच्या बाजूने बसल्यावर ‘घोडा डी५’ हे घर शोधताना माझे डोळे आजही क्षणभर चुकतात. मी शेवटी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून त्यावर अक्षरे लिहिली आणि त्या कडेला चिकटवल्या. पटाचे सौंदर्य गेले आणि उपयोग वाढला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उरतोच. सिंगापूरच्या मंचावरील पटाच्या पोटात संवेदक असतात आणि खेळाडूने मोहरा ठेवताच ती चाल जगभरच्या पडद्यांवर उमटते. तिच्या शेजारी संगणकाची पांढरी-काळी पट्टी असते, आणि ती पट्टी पाहणाऱ्याला एका सेकंदात सांगते की कोण जिंकतो आहे. माझे भांडण त्या पट्टीशी आहे. गुकेश पाऊण तास विचार करत असेल, तेव्हा त्याला काय दिसत नाही हे मला आधीच ठाऊक असते. उत्तर हाती असलेला परीक्षक ज्या उद्धटपणाने विद्यार्थ्याकडे पाहतो, तसा मी त्याच्याकडे पाहू लागतो. लाकडी पटावर ती पट्टी नसते. चाल मांडायची, पडदा उलटा ठेवायचा आणि पुढची चाल येईपर्यंत स्वतः शोधायचे, असा नेम मी ठरवला, आणि तो जमतो का हे पाहण्यासाठी गेल्या वर्षी कझाकस्तानातल्या अस्ताना शहरात झालेल्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातले डाव रोज संध्याकाळी एक याप्रमाणे या पटावर खेळून पाहिले.

हा सराव संचाच्या परीक्षेसाठी केला होता, पण त्याने सामन्याविषयीचे माझे मतच बदलले. अस्तानात एप्रिल २०२३ मध्ये डिंग आणि इयान नेपोम्नियाची यांच्यात १४ डाव झाले. दुसरा, पाचवा आणि सातवा डाव नेपोम्नियाचीने जिंकला. चौथा, सहावा आणि बारावा डाव डिंगने. म्हणजे तीनदा मागे पडून तीनदा त्याने बरोबरी गाठली आणि चौदा डावांत तो एकदाही पुढे नव्हता. नुसते आकडे वाचताना हे जाणवत नाही. रोज एक डाव मांडला, की आदल्या दिवशी हरलेल्या माणसाचे मोहरे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पट्टीत लावताना त्याच्या मनावरचा भार थोडासा आपल्या हातात येतो.

मग बरोबरी फोडण्यासाठी ३० एप्रिलला झालेले जलद डाव. त्यातल्या चौथ्या आणि शेवटच्या डावात डिंग काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, घड्याळात थोडा वेळ उरला होता आणि पांढरा वजीर शह देत होता. राजा मागेपुढे हलवून बरोबरी घ्यावी आणि निकाल आणखी झटपट डावांवर सोडावा, हा सुरक्षित मार्ग समोर होता. त्याऐवजी डिंगने ४६व्या चालीला आपला हत्ती जी६ वर, राजा आणि शह देणाऱ्या वजिराच्या मध्ये आणून ठेवला. आपणच आपला हत्ती पिन करून, म्हणजे राजासमोरून हलता येणार नाही असा अडकवून घेतला आणि जिंकण्यासाठी खेळला. पुढे मोकळी प्यादी ढकलत त्याने तो डाव आणि विश्वविजेतेपद दोन्ही जिंकले. माझ्या पटावर त्या घरात गेला तो नेमका तपकिरी झाक असलेला, मिलिमीटरभर उंच हत्ती. मी त्याला तिथे ठेवला आणि बराच वेळ पुढची चाल मांडली नाही.

गुकेशचे पारडे जड आहे, यात शंका नाही. नोव्हेंबर २०२४ च्या यादीत त्याचे गुणांकन २७८३ आहे आणि विश्वविजेत्या डिंगचे २७२८. एप्रिलमध्ये टोरांटोला झालेल्या, आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत सातव्या फेरीत अलिरेझा फिरोझ्जाकडून हरल्यावरही तो १४ पैकी ९ गुण मिळवून पहिला आला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्या आठ जणांत आपला नाशिकचा विदित गुजराथीही होता. सप्टेंबरात बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये गुकेशने पहिल्या पटावर १० डावांत ९ गुण मिळवले, भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकले, आणि त्या महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, तर कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. याउलट डिंगने विजेतेपदानंतर कित्येक महिने खेळातून अंग काढून घेतले, नैराश्याविषयी तो उघडपणे बोलला, आणि परतल्यानंतरचा त्याचा खेळ फिका राहिला. बुडापेस्टमध्ये भारताविरुद्धच्या लढतीत चीनने त्याला खेळवलेच नाही, त्यामुळे ज्या दोघांना समोरासमोर पाहायला सगळे आतुर होते, ते तिथे भेटले नाहीत. गुकेशने त्या दिवशी वेई यीला हरवले.

तरीही वर्तमानपत्रांत ज्या सहजतेने गुकेशच्या गळ्यात हार घातला जातो आहे, ती मला पटत नाही. दीर्घ वेळेच्या डावांत हे दोघे या सामन्याआधी तीनदा भेटले आहेत. दोन डाव डिंगने जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. हाच डिंग एकेकाळी सलग १०० डाव हरला नव्हता. माझा अंदाज असा, की सामना बाराव्या-तेराव्या डावापर्यंत लोंबकळत राहील आणि गुकेश अखेर एका गुणाने जिंकेल. १८८६ पासूनच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यांत दोन्ही खेळाडू आशियाई असण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि गुकेश जिंकला तर सर्वांत तरुण निर्विवाद विश्वविजेता होण्याचा कास्पारोवचा १९८५ मधला, वयाच्या २२व्या वर्षीचा विक्रम १८ वर्षांच्या मुलाच्या नावावर जाईल. चेन्नई आणि दिल्ली या दोघांनीही यजमानपदासाठी बोली लावली होती. सामना सिंगापूरला गेला, याचे मला थोडे वाईट आणि बरेचसे बरे वाटले, कारण घरच्या गर्दीचे ओझे काय असते ते २०१३ मध्ये चेन्नईत आनंदच्या वाट्याला आलेले आपण पाहिले आहे.

संचाबरोबर मी घड्याळ घेतले नाही, याचे कारण सामन्याच्या नियमांत आहे. पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकाला १२० मिनिटे आहेत आणि त्या काळात चालीगणिक एक सेकंदही वाढवून मिळत नाही. वडिलांचे चावीचे जुने घड्याळ, ज्यात काटा बारावर आला की छोटी लाल पताका पडते, ते या नियमाला तंतोतंत पुरते. एक्केचाळिसाव्या चालीपासून मात्र ३० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर आहे, आणि ही भर घालणे चावीच्या घड्याळाच्या बापजन्मात शक्य नाही. तिथून पुढे फोनचा आधार घ्यावा लागेल. चाळिसाव्या चालीआधी परस्परसंमतीने बरोबरी मागता येत नाही, त्यामुळे वीस चालींत हात मिळवून उठण्याची सोय दोघांनाही नाही आणि माझ्या पटाला रोज काम मिळेल, ही खात्री आहे.

हा संच कोणी घ्यावा, याविषयी स्पष्ट लिहितो. ज्याला क्लबमध्ये किंवा शाळेत खेळायचे आहे, त्याने गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि प्लॅस्टिकचे वजनदार मोहरे घ्यावेत. ते काही शे रुपयांत मिळतात, पडले तरी फुटत नाहीत आणि पटावर अक्षरे असतात. ज्याच्या घरात पट कायम मांडून ठेवायला एक टेबल नाही, त्यानेही लाकडाच्या मोहात पडू नये, कारण मोहऱ्यांची पेटी दर वेळी उघडून बंद करणाऱ्याचा उत्साह चौथ्या दिवशी संपतो. ज्याला मात्र एकटे बसून डाव मांडायचे आहेत, त्याने हे मोहरे जरूर घ्यावेत, पट ५७ मिलिमीटरचा आणि अक्षरांचा घ्यावा, आणि खोका उघडताच चारही हत्तींचे कंगोरे भिंगातून तपासावेत. दोष धरूनही माझ्याकडून मोहऱ्यांना पाचपैकी चार गुण, पटाला अडीच.

सध्या पट खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेला आहे. मला गुकेशच्या बाजूला बसायचे आहे, पण पहिल्या डावात पांढरे मोहरे कोणाकडे जातील, हे २३ नोव्हेंबरच्या उद्घाटनात ठरेल. म्हणून तोवर पट आडवा ठेवला आहे आणि खुर्ची भिंतीशी लावून ठेवली आहे.